लुईव्हिलचा झाकलेला निकाल

अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी गोळीबार होऊन माणसे मेली की पुढच्या काही दिवसांतच वादाचे तीन प्रवाह वाहू लागतात: एक शस्त्रांच्या सुळसुळाटाला दोष देतो, दुसरा मारेकऱ्याच्या मनोविकाराला, आणि तिसरा, जो तुलनेने नवा आहे, त्या विकारावर दिल्या जाणाऱ्या औषधांनाच. हा तिसरा प्रवाह ज्या घटनेतून बळावला ती केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात १४ सप्टेंबर १९८९ रोजी घडली. त्या दिवशी एका छापखान्याच्या जुन्या कामगाराने आठ जणांना ठार केले आणि नंतर स्वतःवर गोळी झाडली. काही आठवड्यांपासून तो प्रोझॅक हे नैराश्यावरील औषध घेत होता, आणि त्यावरून उभा राहिलेला खटला हा प्रोझॅकविरुद्ध ज्युरीसमोर चाललेला पहिला खटला ठरला. त्याचा निकाल औषधाच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवला गेला. परंतु तो ज्या रीतीने पदरात पाडून घेतला गेला ते पाहता त्याला प्रमाण मानणे कठीण आहे, आणि या लपवाछपवीची झळ पोहोचली ती प्रामुख्याने औषधाची खरोखरच गरज असलेल्या आणि त्याविषयी सरळ उत्तर मिळण्याचा हक्क असलेल्या रुग्णांना.

स्टँडर्ड ग्रॅव्ह्यूर हा छापखाना १९२२ साली बिंगहॅम कुटुंबाने, म्हणजे लुईव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ या प्रतिष्ठित दैनिकाच्या मालकांनी, उभा केला. ग्रॅव्ह्यूर पद्धतीत तांब्याचा थर दिलेल्या मोठ्या दंडगोलांवर सूक्ष्म खळगे कोरलेले असतात, त्यांत पातळ शाई भरली जाते आणि वेगाने धावणारा कागदाचा सलग पट्टा ती टिपून घेतो. वृत्तपत्रांच्या रंगीत रविवार पुरवण्यांसाठी ही पद्धत अनेक दशके प्रमाण मानली जात होती. शाई झटपट सुकावी म्हणून तिच्यात टोल्युइन हे उडून जाणारे रासायनिक द्रावक मिसळले जाई, आणि त्याच्या वाफा यंत्रशाळेत भरून राहत. छापलेला पट्टा शेवटी ज्या यंत्रातून कापून व घडी होऊन बाहेर पडतो त्याला कामगार ‘फोल्डर’ म्हणत. फोल्डरवरच्या माणसाला वेग आणि ताण यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागे, कारण कागद तुटला की सगळी यंत्रमालिका थांबे आणि नुकसानीचा हिशेब त्याच्याकडे बोट दाखवी. चांगला मोबदला मिळणारी, पण छातीवर दडपण आणणारी अशी ही जागा होती.

जोसेफ वेसबेकर हा १९४२ साली जन्मलेला कामगार १९७१ पासून येथे नोकरीला होता. तो अगदी लहान असताना वडील अपघातात गेले, बालपण नातेवाइकांच्या आधाराने सरले, दोन विवाह घटस्फोटात संपले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नैराश्याचे व त्यासोबत कधी उन्मादाचे झटके त्याला येऊ लागले. १९७८ ते १९८७ या काळात त्याला अनेकदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि आत्महत्येचे प्रयत्नही त्याच्या हातून झाले. फोल्डरच्या कामातून आपल्याला मोकळे करावे, अशी विनंती तो वरिष्ठांना वारंवार करत असे. टोल्युइनच्या वाफांनी आपली स्मृती बिघडली, चक्कर येते, अशीही त्याची तक्रार होती. १९८६ मध्ये बिंगहॅम कुटुंबातील कलहामुळे सारा वृत्तपत्रसमूह विक्रीला निघाला, छापखाना मायकेल शी या बाहेरच्या उद्योजकाच्या हाती गेला, आणि काटकसर व माणूसकपात यांच्या वातावरणात अशा सवलती मागणे अधिकच अवघड झाले. १९८७ मध्ये वेसबेकरने स्थानिक मानवी संबंध आयोगाकडे रीतसर तक्रार केली की मानसिक आजार माहीत असूनही आपल्याला जाणूनबुजून त्या यंत्रावर ढकलले जाते. चौकशीत त्याच्या आजाराला आणि तक्रारीला दुजोरा मिळाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, तो कामावरून उतरला आणि आजारपणाच्या दीर्घ रजेवर गेला. त्याच सुमारास त्याने शस्त्रे जमवायला सुरुवात केली.

ही शस्त्रे त्याने दुकानांतून कायदेशीररीत्या विकत घेतली, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, मनोविकाराच्या कारणावरून पाहता, ज्याला न्यायालयाने वा तत्सम अधिकाऱ्याने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे किंवा ज्याला सक्तीने मनोरुग्णालयात ठेवले गेले आहे, अशाच माणसाला शस्त्र विकण्यास मनाई आहे. उपचारांसाठी आपणहून दाखल होणारा रुग्ण त्या व्याख्येत बसत नाही, आणि बसलाच तरी १९८९ मध्ये दुकानदाराला ते पडताळून पाहण्याची कोणतीही राष्ट्रीय यंत्रणा नव्हती. ग्राहकाने छापील अर्जावर ‘नाही’ अशी खूण केली की काम भागत असे. १७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका माणसाने एके-४७ धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफलने शाळेच्या मैदानावर पाच मुलांचा बळी घेतला, त्यानंतर ‘टाइम’ साप्ताहिकाने सशस्त्र अमेरिकेवर मुखपृष्ठ कथा छापली, आणि तो अंक पुढे वेसबेकरच्या घरी सापडला. स्टॉक्टननंतर अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने अशा रायफलींची आयात थांबवली खरी, पण आधीच देशात आलेला साठा दुकानांत होताच, आणि चिनी बनावटीची तशीच एक रायफल वेसबेकरने घेतली.

त्याला ऑगस्ट १९८९ मध्ये लिहून दिलेले प्रोझॅक त्या वेळी बाजारात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. इंडियानापोलिस येथील इलाय लिली या कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्रायन मोलॉय, डेव्हिड वाँग, रे फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्लुऑक्सेटिन हे रसायन विकसित केले होते. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देताना सेरोटोनिन हे द्रव्य सोडते आणि काम झाले की ते परत शोषून घेते. हे पुनर्शोषण रोखणे हे फ्लुऑक्सेटिनचे कार्य, आणि म्हणूनच या गटाला सेरोटोनिन पुनर्शोषणरोधक औषधे म्हणतात. यापूर्वीची नैराश्यावरील औषधे जादा प्रमाणात घेतल्यास हृदय बंद पाडू शकत, त्यामुळे आत्महत्येचा विचार करणाऱ्या रुग्णाच्या हाती त्यांची बाटली देताना डॉक्टर धास्तावत. प्रोझॅकमध्ये तो धोका फार कमी होता, आणि हा दिलासा लहान नव्हता. अन्न व औषध प्रशासनाने २९ डिसेंबर १९८७ रोजी त्याला मान्यता दिली. मार्च १९९० मध्ये ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर ही हिरवी-पांढरी कॅप्सूल झळकली, आणि १९९४ पर्यंत तिची वार्षिक विक्री दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती.

११ सप्टेंबर १९८९ रोजी वेसबेकर आपल्या मनोविकारतज्ज्ञाकडे गेला तेव्हा डॉक्टरांनी टिपणात लिहून ठेवले की त्याची प्रकृती बिघडलेली दिसते, विचार भरकटतात, तो रडतो आहे, अस्वस्थता आणि राग वाढला आहे. हा बदल प्रोझॅकमुळे असू शकेल अशी शंका घेऊन त्यांनी ते थांबवण्यास सांगितले आणि रुग्णालयात दाखल होण्याचा आग्रह धरला; वेसबेकरने नकार दिला. येथे औषधशास्त्रातील एक बाब महत्त्वाची ठरते. फ्लुऑक्सेटिन आणि यकृतात त्यापासून तयार होणारे सक्रिय द्रव्य शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे तीन दिवस कॅप्सूल न घेतली तरी तिचा अंमल ओसरत नाही. शवविच्छेदनात त्याच्या रक्तात प्रोझॅक आणि लिथियमसह इतर मनोविकार औषधेही आढळली.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, तो शस्त्रांनी भरलेली पिशवी घेऊन छापखान्यात शिरला आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयात पोहोचला. दार उघडताच त्याने गोळीबार सुरू केला आणि मग मजल्यामागून मजला उतरत तो यंत्रशाळेकडे गेला. वाटेत सामोऱ्या आलेल्या एका ओळखीच्या सहकाऱ्याला त्याने गोळी घातली नाही. आपण परत येणार असे सांगितलेच होते, तेव्हा वाटेतून दूर हो, असे म्हणून तो पुढे सरकला. आठ मृत आणि बारा जखमी मागे ठेवून त्याने पिस्तुलाने आयुष्य संपवले. या वाटेतल्या प्रसंगाचा अर्थ पुढे न्यायालयात दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने लावण्यासारखा होता: सूड पूर्वीच ठरवलेल्या आणि माणसे ओळखणाऱ्या मनाची ती खूण म्हणता येई, आणि ज्यांनी त्याचे काहीच बिघडवले नव्हते अशीही माणसे त्या सकाळी मेली, हेही तितकेच खरे होते.

पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९० मध्ये, हार्वर्डशी संलग्न संशोधक मार्टिन टायचर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’मध्ये सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. फ्लुऑक्सेटिन सुरू केल्यानंतर या सहाही जणांच्या मनात आत्महत्येचे तीव्र आणि पिच्छा न सोडणारे विचार उद्भवले होते. यामागे अकॅथिसिया असावी अशी शक्यता चर्चेत आली. अकॅथिसिया म्हणजे काही मनोविकार औषधांमुळे येणारी अशी आंतरिक तळमळ की माणसाला बसवत नाही, उभे राहवत नाही आणि स्वतःच्या कातडीत राहणेही असह्य होते. सहा रुग्णांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी सावध चौकशीला ते पुरेसे कारण होते. दुर्दैवाने याच वेळी सायंटॉलॉजी या पंथाने स्थापन केलेल्या संघटनेने प्रोझॅकविरुद्ध मोहीम उघडली आणि औषध बाजारातून काढून घेण्याची मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे केली. हा पंथ मनोविकारशास्त्रालाच शत्रू मानत असल्याने, औषधाबद्दल साधा प्रश्न विचारणाराही त्याच्याच गोटातला समजला जाऊ लागला. सप्टेंबर १९९१ मध्ये प्रशासनाच्या सल्लागार समितीने, नैराश्यावरील औषधांमुळे आत्महत्येची वा हिंसेची प्रवृत्ती वाढते असे म्हणण्यास विश्वासार्ह पुरावा नाही, असा कौल दिला. त्या बैठकीत आप्त गमावलेल्यांनी साक्षी दिल्या होत्या. त्यांच्या पदरी निराशा आली.

बचावलेले कामगार आणि मृतांचे कुटुंबीय यांचा इलाय लिलीविरुद्धचा दावा जेफरसन परगण्याच्या न्यायालयात, न्यायाधीश जॉन पॉटर यांच्यापुढे, सप्टेंबर १९९४ च्या अखेरीस सुनावणीला आला. वादींचे वकील पॉल स्मिथ यांचा युक्तिवाद असा होता की कंपनीला औषधचाचण्यांच्या काळापासूनच अस्वस्थतेच्या दुष्परिणामाची जाणीव होती, आणि काही चाचण्यांत रुग्णांना सोबत शामक औषधे घेण्याची मुभा दिल्याने तो झाकला गेला. मनोविकारतज्ज्ञ पीटर ब्रेगिन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. कंपनीने उलट वेसबेकरचे सारे आयुष्य ज्युरीपुढे मांडले: घराण्यातला मनोविकार, तुटलेली नाती, छापखान्याविषयीचा जुना आकस, प्रोझॅक लिहून देण्याच्या कितीतरी आधी घेतलेली शस्त्रे आणि सहकाऱ्यांजवळ काढलेले धमकीचे उद्गार. हा बचाव पोकळ नव्हता. कट महिनोन्महिने शिजत होता हे नाकारता येत नाही, आणि औषधाने त्याला ढकलले की त्याची बुद्धी आधीच त्या दिशेने निघाली होती, हे एका माणसावरून ठरवणे शास्त्राच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्युरीपुढे प्रश्न मर्यादित होता: धोक्याची माहिती असूनही कंपनीने डॉक्टरांना पुरेशी सूचना दिली नाही काय?

सुनावणीच्या शेवटच्या टप्प्यात कंपनीच्या साक्षीदारांनी तिच्या सचोटीचे आणि दुष्परिणाम कळवण्यातील तिच्या दक्षतेचे गुणगान केले, आणि त्यातूनच वादींना एक दार उघडले. इलाय लिलीचे ऑराफ्लेक्स हे संधिवातावरील औषध १९८२ मध्ये मृत्यूंच्या वृत्तांनंतर बाजारातून काढून घ्यावे लागले होते, आणि परदेशांतील मृत्यूंची माहिती प्रशासनाला न कळवल्याबद्दल कंपनीने १९८५ मध्ये २५ आरोपांवर गुन्हा कबूल केला होता. सचोटीचा मुद्दा कंपनीनेच उपस्थित केल्यावर हा इतिहास ज्युरीसमोर आणण्याची परवानगी पॉटर यांनी वादींना दिली. आठवडेच्या आठवडे ज्या पुराव्यासाठी स्मिथ झगडत होते तो हाती आला, आणि त्यांनी तो मांडलाच नाही. पॉटर यांना हे खटकले. काही तडजोड झाली आहे काय, असे त्यांनी विचारले; तसे काही नाही, असे उत्तर मिळाले. १२ डिसेंबर १९९४ रोजी ज्युरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. केंटकीत दिवाणी खटल्याला बारापैकी नऊ मते पुरतात, म्हणजे एक मत फिरले असते तरी हा निकाल लागला नसता. कंपनीचे अध्यक्ष रँडल टोबियस यांनी, जगभरच्या नियामक संस्थांप्रमाणेच न्यायालयातही औषधाची सुरक्षितता सिद्ध झाली, असे जाहीर केले. इतर शंभराहून अधिक दावे तेव्हा प्रलंबित होते, आणि त्या प्रत्येकावर या निकालाची सावली पडली.

वादींनी अपील केले नाही, तेव्हा पॉटर यांचा संशय बळावला. १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच्याच न्यायालयाच्या नोंदीत दुरुस्ती करण्याचे ठरवले: खटला ज्युरीच्या निकालाने नव्हे तर तडजोडीने संपला, असे त्यांना लिहायचे होते. कंपनीने त्यांच्या अधिकारालाच आव्हान दिले आणि मधल्या न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली, त्यामुळे एक न्यायाधीश स्वतःच्या निकालाच्या सत्यतेसाठी वरिष्ठ न्यायालयाच्या दारात पक्षकार म्हणून उभा आहे, असे विलक्षण दृश्य निर्माण झाले. मे १९९६ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पॉटर यांना कौल दिला. ज्युरी विचारविनिमयाला बसण्यापूर्वीच दोन्ही बाजूंत गुप्त करार झाला होता, ऑराफ्लेक्सचा पुरावा मांडायचा नाही आणि अपील करायचे नाही हे त्याचे भाग होते, आणि न्यायालयाला ते प्रामाणिकपणे सांगण्यात आले नाही, हे त्या निर्णयातून बाहेर आले. यात फसवणूकही घडली असण्याची शक्यता न्यायमूर्तींनी बोलून दाखवली. पुढील चौकशीनंतर १९९७ मध्ये नोंद बदलून खटला तडजोडीने निकाली निघाल्याचे लिहिले गेले. तोवर जुना निकाल जगभर पोहोचला होता, आणि दुरुस्ती मात्र फार थोड्यांच्या वाचनात आली. ब्रिटिश लेखक जॉन कॉर्नवेल यांनी १९९६ मध्ये या खटल्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला.

वादींना दोष देणे येथे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांच्यात गोळ्यांनी कायमचे अधू झालेले कामगार होते, वैद्यकीय खर्चाचे डोंगर होते, आणि पाच वर्षे लांबलेल्या लढ्यात हरण्याची भीती खरी होती. दोष आहे तो ज्युरीकडून कौल घेण्याचा देखावा उभा करण्याच्या योजनेचा. तडजोड उघड झाली असती तर तिच्यातून औषधाबद्दल काहीच सिद्ध झाले नसते आणि कुणी तसा दावाही केला नसता. निकालाचे रूप दिल्यामुळे मात्र एक अनिर्णित वैद्यकीय प्रश्न निर्णित असल्याचे भासवले गेले.

तो प्रश्न किती अनिर्णित होता हे पुढील दशकाने दाखवले. २००१ मध्ये वायोमिंग राज्यातील एका ज्युरीने, पॅरोक्सेटिन हे त्याच गटातील औषध सुरू केल्यानंतर काही दिवसांतच आपल्या कुटुंबीयांना गोळ्या घालून आत्महत्या करणाऱ्या माणसाच्या प्रकरणात निर्मात्या कंपनीला ८० टक्के जबाबदार धरले. २००४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मुलांवरील व किशोरांवरील २४ चाचण्यांची एकत्रित छाननी केली. आत्महत्येचे विचार वा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले, मात्र प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. त्यावरून नैराश्यावरील सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील सर्वांत कडक इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. हिंसेपुरते बोलायचे तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासाने साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या: त्याच माणसाच्या औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या काळांची तुलना करता, १५ ते २४ वयोगटात औषधकाळात हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढलेले दिसले, मोठ्या वयोगटांत तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. वेसबेकर ४७ वर्षांचा होता. अर्थात, माणूस बहुधा प्रकृती बिघडल्यावरच औषध सुरू करतो, त्यामुळे आजाराचा परिणाम आणि औषधाचा परिणाम वेगळे करणे अशा अभ्यासांनाही पूर्णपणे साधत नाही.

या साऱ्या काळात बंदूक मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात आलीच नाही. मानसिक आजार आणि हिंसा यांवरील जेफ्री स्वॉन्सन यांच्या १९९० च्या गाजलेल्या सर्वेक्षणाधारित संशोधनातून असे दिसले की गंभीर मनोविकार समूळ नाहीसे झाले तरी समाजातील हिंसा जेमतेम ४ टक्क्यांनी घटेल. मनोरुग्णाच्या हातातील बंदूक सर्वाधिक वेळा वळते ती त्याच्या स्वतःकडे, आणि अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. लुईव्हिलचा खटला सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी, १३ सप्टेंबर १९९४ रोजी, अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अर्धस्वयंचलित हल्ला-रायफलींवर दहा वर्षांची बंदी घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २००४ मध्ये ती मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. २००५ मध्ये तर संसदेने, कायदेशीररीत्या विकलेल्या शस्त्राने गुन्हा घडल्यास त्याबद्दल निर्मात्यावर आणि विक्रेत्यावर दिवाणी दावा लावण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला. औषध कंपनीला निदान न्यायालयात खेचता येत होते. रायफल बनवणाऱ्याला त्यापासून कायद्याचे कवच मिळाले.

स्टँडर्ड ग्रॅव्ह्यूर १९९२ मध्ये बंद पडला. गुप्त कराराची रक्कम मात्र करारानंतर जवळजवळ पाव शतक बाहेर आली नाही. ती सांगायची नाही, हीच कराराची अट होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘कुरियर-जर्नल’ने वृत्त दिले की वादींना मिळून दोन कोटी डॉलर देण्यात आले होते. जखमी कामगारांपैकी काहींनी त्या वेळी प्रथमच उघडपणे बोलून, ऑराफ्लेक्सचा पुरावा ज्युरीपासून दूर ठेवण्याच्या बदल्यातच हे पैसे मिळाल्याचे सांगितले.